न थिजलेली आय्यु

कुसुमावती रिसबूडच्या हाताला गुण नाही, हे तिच्या सासूबाईंनी लग्नानंतर दोन महिन्यांतच जाहीर करून टाकलं होतं. जाहीर म्हणजे अगदी चारचौघींत, चिपळूणच्या घरी चैत्राच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर. "आमच्या सुनेचं सगळं छान आहे हो, पण हिनं विरजण लावलं की सकाळी पातेल्यात दूध ते दूधच," असं कौशल्याबाई म्हणाल्या आणि कैरीच्या डाळीची वाटी पुढे केली. बायका हसल्या. कुसुमही हसली, नव्या सुनेला दुसरं काय करता येतं? कौशल्याबाई मनानं वाईट नव्हत्या. आपण बोललेलं त्यांना संध्याकाळपर्यंत आठवायचंही नाही. लक्षात ठेवायचं काम त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांवर सोपवलं होतं.

पुढे कुसुमचा नवरा पद्माकर याची कंपनी, गाड्यांचे आरसे बनवणारी, चिंचवडहून गुडगावला निघाली. साल चौऱ्याण्णव. देशात रोज नवी गाडी येत होती आणि प्रत्येक गाडीला तीन आरसे लागत होते, त्यामुळे पद्माकरची बढती झाली. सेक्टर चौदात त्यानं प्लॉट घेऊन खाली स्वतःला आणि वर भाडेकरूला असं दुमजली घर बांधलं. तेव्हाचं गुडगाव म्हणजे एका बाजूला काचेच्या इमारती चढताहेत आणि दुसऱ्या बाजूला चक्करपूरच्या म्हशी निवांत रस्ता ओलांडताहेत. पाण्याचं तर विचारू नका. बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला आठवड्यात पांढरा थर, डाळ शिजता शिजेना आणि डोक्यावरचे केस मुठीनं हातात. पहिल्या वर्षी कुसुमच्या नाकी नऊ आले.

म्हणून दोन हजार साली पद्माकरनं आरओचं मशीन आणलं. गल्लीतलं पहिलं. आलेल्या पाहुण्याला तो आधी स्वयंपाकघरात नेऊन मशीन दाखवायचा, मग बसा म्हणायचा. "गुडगावात दोनच गोष्टी शुद्ध आहेत," तो म्हणायचा, "माझं पाणी आणि माझं मराठी." मराठीचं फारसं खरं नव्हतं. ऑफिसात बोलून बोलून त्याच्या प्रत्येक वाक्यात एक 'बिल्कुल' आणि दोन 'यार' यायचे. पण पाणी खरोखर चांगलं होतं, आणि आपल्या माणसांच्या पोटात आता फक्त मशीनचं पाणी जातं याचा कुसुमलाही अभिमान वाटायचा.

याच गुडगावात तिचा हात सुधारला. सुधारला म्हणजे तो मुळात बिघडलेलाच नव्हता, पण ते तिला कोण सांगणार? तिचं दही कवडीसारखं लागू लागलं. चक्करपूरचा दूधवाला म्हैस व्यायली की आठवणीनं चीक आणायचा आणि तिचा खरवस असा व्हायचा की पद्माकर ऑफिसातून अर्धा दिवस रजा टाकून घरी. मराठी मंडळाच्या गणपतीला एकवीस मोदक तिच्याकडूनच. चिपळूणचं ते वाक्य बुजून गेलं. पुसलं मात्र गेलं नव्हतं.

दोन हजार एकच्या एप्रिलात वरच्या मजल्यावर लिनसाहेब राहायला आले. तैवानच्या एका कंपनीचा मानेसरजवळ नवा कारखाना निघाला होता, तिथले हे इंजिनिअर. चाळिशीचे, अविवाहित, शर्टाच्या खिशात तीन पेनं. हिंदी त्यांनी कारखान्यातल्या फोरमनकडून उचललेली, त्यामुळे बोलताना काळाचा आणि लिंगाचा काही भरवसा नसायचा. सोबत त्यांची अडुसष्ट वर्षांची आई, शिऊ-इंग. बुटकी, ताठ, करड्या केसांचा बॉब केलेली. कुसुमची मुलगी अबोली तेव्हा नऊ वर्षांची. तिनं दुसऱ्याच दिवशी म्हातारीला 'चिऊआजी' करून टाकलं आणि सगळ्या गल्लीनं तेच उचललं.

चिऊआजीनं तिकडे तैवानात अलीशान नावाच्या डोंगराच्या पायथ्याच्या गावात, देवळाबाहेर, पस्तीस वर्षं थंडाईची गाडी लावली होती. नवरा लवकर गेला आणि मुलगा त्या गाडीवर इंजिनिअर झाला. आता मुलानं तिला आराम करायला इथे आणलं होतं आणि आराम तर तिला ठाऊकच नव्हता. महिन्याभरात तिनं कुसुमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. कुसुमला तिची भाषा येत नव्हती, तिला कुसुमची येत नव्हती. भाजीवाल्याकडून शिकलेले 'कितना', 'ताजा' आणि 'नहीं चाहिए' एवढेच तिचे हिंदी शब्द. पण दोन बायकांना एका शेगडीपाशी उभं केलं तर भाषा लागते कशाला? म्हातारीनं अळकुड्या आणि रताळी उकडून, त्यात साबुदाण्याचं पीठ मळून गोळ्या केल्या आणि गुळाच्या पाकात सोडल्या. कुसुमनं त्याच उपासाच्या म्हणून खाल्ल्या. एकदा लोणावळ्याची चिक्की घरात आहे हे कळताच म्हातारीनं सुताराचा रंधा मागितला. खरंच रंधा. पद्माकरनं तो आणून दिल्यावर तिनं चिक्कीचा भुगा किसला, पातळ धिरड्यात घातला, वर आइसक्रीमचे दोन गोळे आणि त्यावर चक्क चिरलेली कोथिंबीर. कुसुमनं कपाळाला हात लावला. अबोलीनं तीन खाल्ली.

अंडी मात्र वरच, असा कुसुमनं नियम केला होता. चहाच्या पाण्यात चक्रीफूल, दालचिनी आणि काळा सोयासॉस घालून म्हातारी तडकलेल्या कवचाची अंडी तासन्‌तास उकळायची आणि तो वास जिन्यावरून खाली उतरायचा. पद्माकरला तेव्हा नेमकी गच्चीवरची टाकी तपासायची असायची. परत येताना त्याच्या मिशीला चहाचा वास यायचा. कुसुमनं तो विषय कधी काढला नाही, आणि आपण पकडले गेलो नाही असं त्यालाही शेवटपर्यंत वाटत राहिलं.

त्या मे महिन्यात चिऊआजीनं आय्यु केली. उंबराच्या जातीची एक वेल त्यांच्या डोंगरावर होते. तिची फळं उलटी करून वाळवायची आणि आतल्या बारीक बिया खरवडून घ्यायच्या. त्या बिया मलमलच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात बुडवायच्या आणि हातानं चोळत राहायचं. विस्तव नाही, काही नाही. बियांतून बुळबुळीत चिकट रस सुटतो आणि ते पाणी अर्ध्या तासात आपलं आपण थिजतं. मग त्याचे हलणारे तुकडे, वर लिंबू आणि साखरेचा पाक. म्हातारीचे दोनच कडक नियम होते आणि ते तिनं खुणांनी कुसुमच्या डोक्यात पक्के बसवले. हाताला तेलाचा थेंब नको आणि थिजायच्या आधी साखर नको. गच्चीवर बसून तिनं टाकीच्या नळाचं पाणी पातेल्यात घेतलं आणि चोळायला लागली.

"अहो, ते टाकीचं पाणी पोटात जाणार," कुसुम हळूच पद्माकरला म्हणाली.

पद्माकरनं तिला गप्प राहायला सांगितलं आणि तीन वाट्या संपवल्या. पिवळसर, काचेसारखी, जिभेवर ठेवली की काही नसल्यासारखी आणि तरी गार. अशी चीज कुसुमनं जन्मात खाल्ली नव्हती. कुणाचं पोटही बिघडलं नाही. पण पुढच्या वेळी आपण खालून मशीनचं पाणी आणून द्यायचं, हे तिनं त्या दिवशी मनाशी पक्कं केलं.

दोनच दिवसांनी चीक आला. कुसुमनं गूळ-वेलची घालून खरवस केला आणि वाडगाभर वर नेला. चिऊआजीनं चमच्यानं त्याला आधी हलवून पाहिलं. कसबी माणूस दुसऱ्याचं काम बघतो तसं. मग खाल्लं आणि एकदम कुसुमचा उजवा हात ओढून घेऊन त्याचा तळवा बघत राहिली. लिनसाहेबांकडे वळून तिनं काहीतरी सांगितलं.

"मां बोलता है," लिनसाहेब म्हणाले, "ये हाथ गाड़ी चला सकता है।"

कुसुमला आधी मोटारगाडीच वाटली. मग त्यांनी समजावलं की आईच्या हिशेबी ही सगळ्यात मोठी शाबासकी आहे, ती पस्तीस वर्षांत तिनं फक्त स्वतःच्या बहिणीला दिली होती. कुसुम खाली आली आणि ओट्यापाशी उभी राहून आपल्याच हाताकडे बघून हसली. चिपळूणच्या त्या हळदीकुंकवाला सतरा वर्षं झाली होती. ते आज मिटलं, असं तिला वाटलं.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर, म्हणजे दोन हजार दोनच्या अखेरीस, चिऊआजीला खोकला लागला आणि त्यातून पोटातलं दुखणं बाहेर आलं. दुखणं आधीच फार पुढे गेलं होतं. डॉक्टरांनी औषधं दिली, पण विमानात बसवायची सोय उरली नाही. लिनसाहेब कारखान्यातून संध्याकाळी येईपर्यंत कुसुमच वर असायची. अंग पुसून द्यायची, केस विंचरायची, पेज भरवायची. पाणी फक्त मशीनचं द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कुसुम दिवसातून दोनदा तांब्या भरून वर न्यायची आणि एवढं तरी आपण तिला चोख देतोय याचं समाधान मानायची.

मार्चमध्ये म्हातारीचं अन्न सुटलं. पेज नको, ताक नको, लिनसाहेबांनी दिल्लीहून मिळवून आणलेली सोयाच्या दुधाची खीरही नको. तीन दिवस असे गेल्यावर चौथ्या सकाळी तिनं उशीखालून कापडाची छोटी पिशवी काढली आणि कुसुमच्या हातात दिली. आत आय्युच्या बिया होत्या, उरलेल्या सगळ्या. मग दोन्ही हात एकमेकांवर चोळून दाखवले आणि स्वतःकडे बोट केलं. मला खायची आहे.

कुसुमला इतका आनंद झाला की जिना उतरताना तिचा पाय घसरता घसरता राहिला. एका माणसानं आयुष्याच्या शेवटी एक गोष्ट मागावी, आणि ती आपल्या हातची मागावी! तिनं नवं कोरं पातेलं काढून साबणानं तीनदा घासलं. मलमल उकळून वाळवली. मशीनखाली पातेलं लावून ते थेंब थेंब भरेपर्यंत उभी राहिली आणि मग भरलेलं पातेलं दोन्ही हातांनी सांभाळत वर घेऊन गेली. म्हातारीच्या डोळ्यांसमोरच चोळायचं होतं. काही चुकलं तर तिनं सांगावं.

आणि म्हातारीनं सांगितलं. पातेल्यात डोकावून तिनं खिडकीकडे बोट केलं. खिडकीतून खाली अंगणातला बोअरचा नळ दिसत होता. कुसुमला वाटलं, हात धुऊन ये म्हणतेय, तेलाचा नियम! ती खाली गेली, नळावर साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि परत आली. म्हातारीनं पुन्हा पातेल्याकडे बोट केलं, मान हलवली आणि पुन्हा खिडकी दाखवली. आता कुसुमच्या डोक्यात प्रकाश पडला. बिचारीला शंका येतेय की पाणी त्या नळाचं आहे की काय.

"नहीं नहीं, आजी," ती म्हणाली, "मशीन का है। एकदम साफ. आपके लिए।"

तिनं पातेलं उचलून दाखवलं, ओंजळीत घेऊन स्वतः पिऊन दाखवलं. चिऊआजी तिच्याकडे बघत राहिली. नुसतं उठून बसण्यातच तिचा श्वास संपला होता. थोड्या वेळानं तिचं बोट खाली आलं, ती जराशी हसली आणि मानेनं म्हणाली, चोळ.

कुसुमनं सगळ्या बिया घातल्या आणि चोळल्या, मनगटं भरून येईपर्यंत. रस सुटला, पाणी बुळबुळीत झालं. तिनं पातेलं झाकून ठेवलं. अर्ध्या तासानं उघडलं तर पाणी. एक तासानं पाणी. फ्रिजमध्ये ठेवलं, दर दहा मिनिटांनी जिना चढउतार केली, पातेलं हळूच कलंडवून बघितलं, आणि प्रत्येक वेळी ते निर्लज्जासारखं इकडून तिकडे हललं. दुपारचे तीन वाजले. चार वाजले. बिया संपल्या होत्या आणि त्या मिळणार होत्या समुद्रापलीकडच्या एका डोंगरावर. कुसुमच्या कानात कौशल्याबाईंचा आवाज आला, अगदी स्पष्ट, कैरीच्या डाळीच्या वासासकट.

शेवटी तिनं त्याच पाण्यात लिंबू पिळलं, पाक घातला आणि वाटी वर नेली. चिऊआजीनं दोन चमचे घेतले. "हाओ," ती म्हणाली. म्हणजे छान, एवढं एव्हाना कुसुमला कळत होतं. मग तिनं कुसुमच्या हातावर हात ठेवला आणि डोळे मिटले. कुसुम जिन्यात पाचव्या पायरीवर बसून पदरात तोंड घालून रडली.

चार दिवसांनी म्हातारी गेली. लिनसाहेब अस्थी घेऊन मायदेशी निघाले, पुढची बदलीही तिकडेच झाली होती. निघताना त्यांनी रंधा कुसुमला दिला. कुसुमनं हात जोडून, अडखळत सांगितलं की त्या दिवशी माझ्या हातून आय्यु झाली नाही, मला माफ करा. लिनसाहेब काहीतरी बोलायला गेले, थांबले. "कोई बात नहीं, भाभीजी," एवढं घाईनं म्हणाले आणि नजर दुसरीकडे वळवली. ती वळवलेली नजर कुसुमनं नीट बघितली. माझंच चुकलं हे यांनाही माहीत आहे, असा तिनं तिचा अर्थ लावला.

त्यानंतर घरात दही डेअरीचं येऊ लागलं. पद्माकरनं विचारलं तर वेळ होत नाही म्हणाली. मंडळाच्या गणपतीला मोदकांचं काम तिनं मंडळातल्या रेवतीकडे सोपवलं, अबोलीचा अभ्यास असतो म्हणून. दूधवाल्यानं चीक आणला तर त्याला, दूसरे घर दे दो, असं सांगून टाकलं. भाजी-आमटी-पोळी नीट होत होती, त्यामुळे कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. जे लागावं लागतं, बसावं लागतं, जमावं लागतं, तेवढं तिनं आपल्या हातातून काढून घेतलं. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की लोक हसतात, आणि एकदा हसलेलं तिला पुरे होतं.

सात सालच्या पावसाळ्यात पद्माकरचं यकृत बिघडलं. आरशांच्या कारखान्यातला एवढा दणकट माणूस, चार महिन्यांत गादीला चिकटला. दिवाळीच्या आधी एका सकाळी तो अंथरुणातून म्हणाला, "कुसुम, खरवस कर ना गं. किती वर्षं झाली."

चीक मिळाला. दूधवाल्यानं स्वतः तिसऱ्या गावाहून आणला. कुसुमनं पातेलं ओट्यावर ठेवलं. मागच्या वेळी आजारी माणसानं या हाताकडे काही मागितलं होतं तेव्हा काय झालं होतं? पुन्हा तसंच झालं तर? तिनं चिकाचं पातेलं झाकलं, रिक्षा केली आणि रेवतीकडे नेऊन दिलं. रेवती हुशार, तिचा खरवस सुरीनं कापावा असा झाला. वर केशराची काडी. कुसुमनं वडी वाटीत घालून पद्माकरला भरवली.

त्यानं एक घास खाल्ला. जिभेवर घोळवला.

"हा तुझा नाही," तो म्हणाला.

तिनं चमचा परत वाटीत ठेवला.

"चांगला आहे गं. बिल्कुल चांगला आहे. पण तुझा नाही." त्यानं वाटी हळूच बाजूला सारली. मग, रागावून नाही, नुसतंच नवल वाटल्यासारखं विचारलं, "माझ्यासाठी करायचा कंटाळा येतो का आता?"

काय सांगणार होती ती? हाताचं सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि हसत हसत तिच्याकडून करून घेतला असता, आणि तो झालाही असता. हे सगळं तिला नंतर सुचलं. त्या वेळी ती, उद्या करते, एवढंच म्हणाली. तो उद्या काही आला नाही. त्या संध्याकाळी त्याला हॉस्पिटलात हलवावं लागलं, नवव्या दिवशी तो गेला, आणि ती वाटी तेवढी फ्रिजमध्ये राहिली.

दोन हजार दहाच्या मे महिन्यात, दुपारी, फाटकाशी टॅक्सी थांबली. अबोली पुण्याला कॉलेजात होती, वरचा मजला रिकामा होता, कुसुम एकटीच घरात. लिनसाहेब. केस पांढरे झाले होते, खिशात पेन एकच. दिल्लीत कंपनीच्या कामाला आले होते. पद्माकरच्या फोटोपुढे त्यांनी वाकून नमस्कार केला, बराच वेळ उभे राहिले. मग बॅगेतून एक पुडकं काढून कुसुमच्या हातात ठेवलं. आत कापडी पिशवी होती आणि पिशवीत आय्युच्या बिया.

कुसुमनं पुडकं परत त्यांच्यापुढे सरकवलं. "भाईसाहब, मेरे हाथ से नहीं होता," ती म्हणाली. "आपको तो पता है।"

लिनसाहेबांना कळेना. कुणी सांगितलं हे? कुणी सांगायला कशाला हवं, असं म्हणून कुसुमनं सात वर्षं मनात साठवलेलं सगळं बाहेर काढलं. बिया सगळ्या घातल्या होत्या. हात दोनदा धुतले होते. साखर नंतर घातली होती. तरी पाणी ते पाणीच राहिलं आणि तुमची आई तशीच गेली. लिनसाहेब ऐकता ऐकता खुर्चीच्या कडेला सरकले.

"हाथ नहीं, भाभीजी," ते म्हणाले. "पानी. मशीन का पानी में आय्यु नहीं बनता। उसको मिट्टी वाला पानी चाहिए, पत्थर वाला। जो नल में है।"

कुसुमनं अंगणातल्या नळाकडे बघितलं.

मग त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. पाण्यात क्षार असावे लागतात, ते नसतील तर आय्यु कुणाच्याच हातून थिजत नाही, त्यांच्या आईच्याही नाही. गुडगावचं बोअरचं पाणी तर आय्युसाठी उत्तम, आई नेहमी म्हणायची. त्या दिवशी ती नळ दाखवत होती. संध्याकाळी ते कारखान्यातून आले तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि कुसुमला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती.

"क्यों?" कुसुमनं विचारलं.

"मां बोला, कुसु अपने घर का सबसे अच्छा पानी लाया है। मेरे लिए खुद पीकर दिखाया। उसको बोलोगे तो उसका दिल टूटेगा।" लिनसाहेब खाली बघत होते. "मैं सोचा, छोटी बात है। आप भूल जाएगा।"

कुसुमला राग आला. मेलेल्या माणसावर राग धरू नये हे तिला कळत होतं, तरी आला. कौशल्याबाईंनी वाईट बोलून जेवढं केलं नव्हतं तेवढं या म्हातारीनं चांगुलपणानं गप्प बसून केलं होतं. एक शब्द. एक शब्द सांगितला असता तर ती दोन दिवस रडली असती आणि तिसऱ्या दिवशी विरजण लावलं असतं. ती खरवसाची वाटी तिनं स्वतः भरली असती. 'हा तुझा नाही' हे ऐकावं लागलं नसतं, आणि पद्माकर मनात भलतंच घेऊन गेला नसता. कंटाळा! तिला त्याच्यासाठी कधी कंटाळा आला होता? पण समोर बसलेल्या माणसाला यातलं काय सांगणार? तोही आता आईविना होता आणि सात वर्षांनी एवढ्या लांबून बिया घेऊन आला होता. ती उठली, पातेलं घेतलं आणि अंगणात गेली.

नळाचं पाणी तसंच होतं, जड, थोडं गढूळ. तिनं हात धुतले, पुरचुंडी बांधली आणि तिथेच पायरीवर बसून चोळायला लागली. लिनसाहेब जवळ उभे राहून बघत होते. पाच मिनिटांत पाण्याला पिवळी झाक आली, रस बोटांना ओढ देऊ लागला. तिनं पातेलं झाकून सावलीत ठेवलं. वीस मिनिटांनी उघडलं आणि कलंडवून बघितलं. पातेल्यातलं काही हललं नाही.

लिनसाहेबांनी एक वाटी खाल्ली. अर्धी झाल्यावर चष्मा काढून पुसला आणि उरलेली संपवली. जाताना त्यांनी काही म्हणायचा प्रयत्न केला. कुसुमनं मान हलवून त्यांना थांबवलं आणि टॅक्सीपर्यंत सोडून आली.

आय्यु ठेवून टिकत नाही. काही तासांत ती स्वतःच पाणी सोडायला लागते. कुसुमला ते माहीत होतं, म्हणून ती थांबली नाही. तिनं एक वाटी भरली, लिंबू पिळलं, पाक घातला. बाहेरच्या खोलीत पद्माकरचा फोटो होता, आरशांच्या कंपनीनं पंचवीस वर्षांच्या नोकरीचा सत्कार केला तेव्हाचा. आतून मशीनचा आवाज येत होता. ते अजून चालू होतं, थेंब थेंब. तिनं वाटी फोटोपुढे ठेवली. स्टूल ओढून घेतलं आणि बसली, अंथरुणाशी बसायची तशी.

"अहो," ती म्हणाली, "कंटाळा नव्हता आला मला." तिनं वाटी फोटोच्या जरा जवळ सरकवली. "हात बरा होता माझा. पाणीच जरा जास्त चांगलं होतं तुमचं."